आजार फंडाचा सातवा नियम

ज्यांचं ऋण माझ्यावर सगळ्यांत मोठं आहे त्यांचं नाव शेवंताबाई गुणवंत तायडे. अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात, आमच्या बोलण्यातल्या 'जीन'मध्ये, त्या यंत्रात कापूस टाकण्याचं काम करीत. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. मी त्याच जीनमध्ये हजेरी कारकून होतो, बी.ए. झालेला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची चौथीसुद्धा ओलांडली नव्हती.

मला क्षय झाला होता. आता बरा होऊन पाच वर्षं झाली. हा आजार आज ज्यांच्या घरात आला आहे त्यांना थोडा धीर यावा म्हणून लिहितो आहे. औषधांचं डॉक्टर सांगतील, त्यात मला काही कळत नाही. मी फक्त खाटेवरून काय काय दिसतं ते सांगतो.

*

आधी फंडाचं सांगितलं पाहिजे, कारण माझा आजार त्यातूनच सापडला.

कामगारांसाठी सरकारी विमा योजना निघाली होती, पण ती बारमाही कारखान्यांना. आमचं जीन हंगामी. दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि होळीच्या पुढेमागे थंडावायचं. कुणी आजारी पडलं की मजुरी बंद. आयुर्विम्याचे एजंट जीनच्या फाटकावर येत, पण त्यांच्याकडे असायचा तो मरणाचा विमा. आजारपणाचा विमा कुणाकडेच नव्हता. मी वाचनालयातून विम्यावरची दोन पुस्तकं आणली, रोज संध्याकाळी टिपणं काढली आणि मालकांसमोर एक योजना ठेवली. प्रत्येक कामगाराने हंगामातून एका दिवसाची मजुरी फंडात टाकायची, तेवढीच भर मालकांनी घालायची, आणि जो आजारी पडेल त्याला सहा आठवड्यांपर्यंत अर्धी मजुरी घरपोच. शेटजी म्हणाले, "नियम पक्के लिहून आण, मग देतो."

मी अकरा नियम लिहिले. सातवा असा होता: 'क्षय व तत्सम दीर्घ मुदतीचे आजार या फंडातून वगळण्यात येत आहेत.' पुस्तकात तसंच होतं. 'तत्सम' हा शब्द लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

रुईच्या कोठीत सगळ्यांना बसवून मी नियम वाचून दाखवले. सातवा संपला तेव्हा मागून शेवंताबाई उठल्या.

"बापू, एक इचारू?"

"विचारा ना."

"जो आजार मानसाले खाटीवर टाकते, थोच तुमी बाहेर ठेवला. मंग आत काय ठेवलं?"

"आत बापूचं अक्षर ठेवलं," कुणीतरी हमाल म्हणाला आणि सगळी कोठी हसली.

मी समजावून सांगितलं. असा एक रोगी धरला तर होळीपर्यंत फंड कोरडा होईल, मग साध्या तापाच्या माणसालाही काही मिळणार नाही. हे शास्त्र आहे, असंही म्हणालो. शेवंताबाई म्हणाल्या, "शास्त्र असन बापा," आणि खाली बसल्या. नियम मंजूर झाले.

त्याच हंगामाच्या शेवटी त्यांचे यजमान गुणवंतभाऊ खोकू लागले. ते गाठी दाबण्याच्या विभागात होते, माझ्या वारलेल्या वडिलांबरोबर काम केलेले. थुंकीत रक्त आलं. त्यांनी फंडाकडे अर्ज केला आणि मी सातव्या नियमाचा हवाला देऊन सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं. शेवंताबाई ते घेऊन कचेरीच्या खिडकीशी आल्या.

"मले वाचता येत नाई. तुमीच वाचा."

मी 'कळावे' पर्यंत सगळं वाचलं.

"म्हनजे नाई."

"नाही, मावशी."

"बरं." त्यांनी कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली.

गुणवंतभाऊ बाळापूरला आपल्या भावाकडे गेले. दिवाळीच्या आधी तिथेच वारले.

*

जीनमध्ये सगळेच खोकतात. हवेत रुईचे तंतू तरंगत असतात, भुवयांवर बसतात, भाकरीवर बसतात. उन्हाची तिरीप आत आली की दिसतं, आपण एखाद्या ढगात उभे आहोत. या खोकल्याला आमच्याकडे रुईचा खोकला म्हणतात आणि त्यावर गुळाचा खडा खातात. गूळ खाल्ला की रुई पोटात उतरते असं सगळे मानत. मीही मानत होतो. बी.ए.ने त्यात फरक पडला नव्हता. त्या पावसाळ्यापासून मी खिशात गुळाचा पुडा ठेवू लागलो होतो. दुपारी अंगात कणकण यायची, ती मला आवडायची सुद्धा. सगळं जरा दूर जायचं, यंत्रांचा आवाज मऊ व्हायचा आणि हजेरीपटावरची नावं पाण्याखाली असल्यासारखी हलायची.

फंडाच्या नियमाप्रमाणे हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाची डॉक्टरांकडून तपासणी होई. लोकांना भीती वाटे की अशक्त माणसं शोधून कामावरून काढायचा हा डाव आहे. म्हणून पहिल्याच वर्षी मी एक रीत पाडली होती. सगळ्यांत आधी मी सदरा काढून डॉक्टरांसमोर बसायचो. ते हसत छातीला नळी टेकवायचे आणि मी म्हणायचो, "पाहा, काही होत नाही." तो निव्वळ देखावा होता. नळी टेकली की लगेच उचलली जायची.

दुसऱ्या वर्षी वजनकाट्याच्या खोलीत असाच बसलो. डॉक्टरांनी नळी टेकवली, उचलली. दारात बायांची रांग होती. शेवंताबाई रांगेत पहिल्या.

"डॉक्टरसाहेब, हे काय तपासनं झालं?"

"का हो?"

"त्याईले नुसती नळी दाखवली तुमी. आयकलं कुठी? आमाले जसं तपासता तसं तपासा."

बाया हसल्या. डॉक्टरही हसले. "अहो, ते तर दाखवण्यापुरते बसतात."

"मले ठाव हाय. तरी आयका. हाच खोकला मी घरात रातरातभर आयकला. रुईचा खोकला असा नसते."

खोलीतलं हसू थांबलं. डॉक्टरांनी नळी पुन्हा कानाला लावली. पाठीमागून, डाव्या बाजूने, पुन्हा तिथेच. "लांब श्वास घ्या. नव्व्याण्णव म्हणा." मी म्हणत गेलो. माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. खिडकीतून रुईचा एक पुंजका आत आला आणि काट्याच्या रिकाम्या पारड्यावर उतरला. मी त्याच्याकडेच पाहत राहिलो. डॉक्टरांनी नळी काढून घडी केली आणि हळू आवाजात म्हणाले, "सदरा घाला. उद्या छातीचा फोटो काढू."

फोटोत ते दिसलंच.

*

आईला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. तिने भाकरी उलटली, फुगू दिली, उतरवली. मग म्हणाली, "कुसुमले शायेतून काढा लागन." कुसुम माझी धाकटी बहीण. मॅट्रिकच्या वर्गात होती.

"का काढायचं?"

"मंग खायाचं काय? मी एकटी जीनमधी जाईन त किती आनीन? दोघी जाऊ."

मी कारकून झालो त्या दिवशी आईला कामावरून सोडवलं होतं. माझ्या सगळ्या शिक्षणाचं मोल मला तेवढंच ठाऊक होतं: आई घरी आणि कुसुम शाळेत. ते आता उलट फिरणार होतं. मरणाची भीती मला नंतर वाटली. आधी वाटली ती याची.

अमरावतीच्या क्षयाच्या दवाखान्यात खाट फुकट होती. पण खाटेवर झोपणाऱ्यामागे घर असतं, आणि घर फुकट चालत नाही. फंडाचा सभासद मीही होतो. अकरा नियम मला पाठ होते. मी अर्ज केला नाही.

शेजारी यायचे कमी झाले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आईने माझं ताट वेगळं केलं, पण ते धुताना ती तोंड फिरवून घ्यायची. एकदा मी आणि कुसुम उगाच भांडलो, कंदिलाच्या काचेवरून. दोघांनाही माहीत होतं की भांडण काचेचं नाही.

*

अमरावतीला जाताना मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. पलीकडे अरुंद रुळांवरची शकुंतला गाडी उभी होती, धूर सोडत. माझ्या अंगात ताप होता. मला वाटलं, उतरावं, तिच्यात बसावं, ती एवढी हळू जाते की आजार कंटाळून वाटेतच उतरून जाईल. आई शेजारी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत त्रिशरण म्हणत होती. मग आमची गाडी हलली आणि शकुंतला मागे मागे गेली, जणू चालत होती तीच.

दवाखाना गावाबाहेर होता. लांब ओसरी, दोन्हीकडे कडुनिंब, पुढे माळ आणि अगदी कडेला डोंगरांची फिकट रेघ. सकाळी घंटा. मग तापमापी, दूध, सुई, आणि एक कडू पूड जी गिळताना रोज नवा संकल्प करावा लागे. जेवणानंतर दोन तास पडून राहायचं. बोलायचं नाही, वाचायचं नाही. नव्या माणसाला हे दोन तास सगळ्यांत जड जातात. मी सांगतो, त्यांच्याशी झगडू नका. कडुनिंबाची सावली भिंतीवरून किती हळू सरकते ते पाहा. पंधरा दिवसांनी ती कोणत्या खाटेपाशी पोचली की घंटा होणार हे तुम्हाला कळू लागतं, आणि मग तो वेळ तुमचा होतो.

त्या दोन तासांत मला एकच स्वप्न पडे. रुईची कोठी असे, पण लोक खाटांवर बसलेले. वरून रुई पडत असे, आवाज न करता. माझ्या हातात नियमांचा कागद असे आणि मला माझंच अक्षर लागत नसे. लोक वाट पाहत. पुढच्या खाटेवर गुणवंतभाऊ बसलेले असत, अगदी धडधाकट, आणि मला धीर देत, "वाच, घाई नाई." त्यांच्या त्या चांगुलपणानेच मला जाग येई.

माझ्या शेजारच्या खाटेवर हरिभाऊ होते, अंजनगाव सुर्जीचे पानमळेवाले. वयाने वडिलांएवढे. त्यांनी आयुर्विमा उतरवलेला होता आणि त्याची पावती उशीखाली ठेवलेली.

"तू त विम्याचं शिकला म्हनते," ते मला एकदा म्हणाले. "मंग सांग मले. मी मेलो त बायकोले पैसे भेटतीन. बरा झालो त हप्ता भरा लागन. आन असा मधीच लोंबून राह्यलो त?"

"मग काही नाही."

"पाय आता. एजंट म्हने, सगया जिंदगीचा विमा हाय. आन जिंदगी त सगयी मधीच असते ना बे."

ओसरीभर हसू पसरलं आणि परिचारिका रागावली. हरिभाऊ माझ्याआधी बरे होऊन गेले. जाताना आपली विड्याची पानं माझ्या खाटेशेजारच्या घडवंचीवर ठेवून गेले. आम्हाला पान खायला बंदी होती, पण वास घ्यायला नव्हती.

*

दोन महिने झाले असतील. कुसुमचं कार्ड आलं. तिने लिहिलं होतं की शेवंतामावशींनी कोठीत सभा बोलावली. सातवा नियम काढायचा ठरला. पहिली मदत तुला द्यायची ठरली. मी अजून शाळेत जाते आहे.

कार्ड वाचून मला आनंद व्हायला हवा होता. पण मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं: असं करता येत नाही. नुकसान झाल्यावर नियम बदलायचा नसतो, जळालेल्या घराचा विमा उतरवता येत नाही. शिवाय हाच आजार, हाच फंड, आणि गुणवंतभाऊंना मी स्वतः नकार दिला. मी घेऊ शकत नाही.

पुढच्या रविवारी, भेटीच्या वेळेत, ओसरीच्या टोकाला शेवंताबाई दिसल्या. अकोल्याहून आल्या होत्या, बडनेऱ्याला गाडी बदलून, एकट्या. हातात माझं कार्ड. खाटेपासून दूर उभं राहायचा नियम होता तो त्यांनी पाहिला नाही असं केलं आणि स्टूल ओढून बसल्या.

"हे काय लिवून पाठवलं तुमी?"

"कुसुमने वाचून दाखवलं ना?"

"दाखवलं. जयालेल्या घराचं. कोनतं घर जयालं?"

"म्हणजे मी. आजार आधीच झालेला आहे, मावशी."

"घर जयालं त राख होते. तुमी त खाटीवर बसून माह्याशी वाद घालून राह्यले."

 मग जे बोलायचं होतं ते बोललो. "गुणवंतभाऊंना मी नाही म्हटलं होतं."

"म्हटलं."

"तुमच्यासमोर वाचून दाखवलं."

"मी इसरली नाई." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "इसरली असती त कायले आली असती इतक्या दूर? नेम तसाच राहू देला असता. इसरली नाई म्हनूनच आली."

कडुनिंबावर एक कोतवाल पक्षी बसला होता. त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"आन आयका," त्या म्हणाल्या. "आमी तुमाले नाई देऊन राह्यलो. त्या खाटीवर जो असन त्याले देऊन राह्यलो. आज तुमी हा. उद्या मी असीन."

"फंड बुडेल."

"एक दिवसाची मजुरी देत होतो, आता दोन दिवसाची देऊ. बायाईनं पयले हो म्हटलं. मानसं कुरकुरले, मंग त्याईनंबी म्हटलं."

"आणि शेटजी?"

"थे म्हनते, नेम पक्का लिवून आना, मंग देतो. आता आमच्यात लिवनारा कोन हाय? एक होता, थो इथी झोपून हाय." त्यांनी पिशवीतून दौत, टाक आणि कोरा कागद काढून घडवंचीवर ठेवला. "नाई म्हनाचं अक्षर तुमचं लय झ्याक हाय. आता हो म्हना त्याच अक्षरात."

जाताना त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. दोन महिन्यांत तपासण्याखेरीज मला कुणी हात लावला नव्हता. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांना एवढंच सांगतो: डॉक्टरांना विचारा आणि हात लावा.

*

तो नियम लिहायला मला चार दिवस लागले. वाचायची परवानगी होती तेवढ्याच वेळात लिहायचो. पहिल्या खर्ड्यात मी 'विशेष बाब म्हणून' असं लिहिलं आणि फाडून टाकलं. दुसऱ्यात मुदत घातली, सहा महिने, आणि माझ्याच आजाराला ती पुरणार नव्हती हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. तिसऱ्यात 'तत्सम' पुन्हा आला. पुस्तकातलं शास्त्र खोटं नव्हतं. पण त्यात फंड कसा वाचवायचा एवढंच होतं, आणि मी त्यालाच माणूस वाचवणं समजून बसलो होतो. पाचव्या दिवशी ताप नव्हता. पहाटे दव पडलं होतं आणि सारा माळ रुई अंथरल्यासारखा पांढरा होता. मी पत्र लिहिलं. शेवंताबाईंनी ते जपून ठेवलं होतं. या लेखासाठी मागितलं तेव्हा त्यांनी कुसुमकडून नक्कल करवून दिली, मूळ कागद दिला नाही. ते असं:

शेवंतामावशीस,

वामनचा सविनय जयभीम.

मी मदत घेतो. रविवारी तुमच्यासमोर तोंडातून निघालं नाही, म्हणून लिहून कळवतो.

नियम सोबत आहे. सातवा असा केला आहे: 'सभासद कोणत्याही आजाराने कामावर येऊ शकत नसेल, तर डॉक्टर कामावर जा म्हणेपर्यंत त्याला अर्धी मजुरी मिळेल.' त्यात आजाराचं नाव घातलेलं नाही. शेटजी विचारतील की याला अंत काय. त्यांना सांगा, दोन दिवसांच्या मजुरीवर फंड किती रोगी पेलेल याचा हिशेब मी मागच्या बाजूला मांडला आहे. तो घट्ट आहे, पण तुटत नाही.

एक मागणं आहे. हा नियम गेल्या हंगामापासून लागू झाला असं मी लिहिलं आहे. म्हणजे मदतीच्या यादीत पहिलं नाव गुणवंतभाऊंचं येईल. त्यांच्या आजाराच्या दिवसांचं जे होईल ते तुम्हाला मिळेल. त्याने काही परत येत नाही, हे मला कळतं. पण माझं नाव त्यांच्या खाली लागल्याशिवाय मला घेता येणार नाही. तुम्ही नको म्हणाल. माझ्याशी वाद घालायला तुम्ही अमरावतीपर्यंत आलात, तेव्हा मी ऐकलं. या एका बाबतीत तुम्ही माझं ऐका.

माझं वजन थोडं वाढलं आहे. दोन दिवस दुपारचा ताप आला नाही. आईला सांगा, अंड्याला वास येतो असं आता मी म्हणत नाही, मुकाट्याने खातो.

मागच्या वेळी सभेत नियम मी वाचून दाखवले आणि तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्हाला खाली बसवलं. आता कुसुम वाचून दाखवील. तिला सांगून ठेवलं आहे की सावकाश वाच. ऐकताना कुठे कुणी बाहेर राहिलं असं वाटलं, तर तिला तिथेच थांबवा आणि मला कळवा. मी पुन्हा लिहीन.

आपला,
वामन